पोलंडची बोली आणि सासूची बोली

बायको गेली त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं मेथीच्या पेंड्या बांधत बसलो होतो. ती निवडून जुडी करायची, मी बांधायचो. रोजचंच काम.

"सुगी झाली की आईकडं जायाचं हाय," ती म्हणाली. "तुम्ही येऊन काय बोलणार हाईसा? जेन दोब्री?"

"म्हणीन की."

"पोलंडच्या बायांसंगं चुरूचुरू बोलायचासा. माझ्या आईपुढं बसला की खांब."

"तू असतीस की सांगाया."

"मग दुभाषी म्हणून लगीन केलंय व्हय माझ्यासंगं?"

मी पुढची जुडी ओढली. पेंड्या बांधायच्या होत्या.

जेन दोब्री म्हणजे पोलंडचा रामराम. जर्मनच्या लढाईच्या टायमाला कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडच्या लोकांची छावणी होती, बहुतेक बाया आणि पोरं. मी सायकलवरनं तिथं भाजी न्यायचो. त्यांना मराठी येईना, माझी शाळा दुसरीतच सुटलेली, मला मराठीशिवाय काही येईना. भाजी तर विकायची होती, म्हणून मी शिकलो. ती माणसं गेली, छावणी उठली, बोली माझ्याकडं राहिली. कोल्हापुरात तिला गिऱ्हाईक नाही.

बायको निपाणीपलीकडची, कानडी मुलखातली. तिची आई कानडीशिवाय एक अक्षर बोलायची नाही. म्हणजे दोन्ही बोली माझ्या पदरात पडल्या, एक धंद्यातनं, एक लग्नातनं. कुणाला शिकायच्या असतील तर मला कळलं ते सांगतो.

आकडे घ्या. दोनाला पोलंडात द्वा, तिनाला त्शी, चाराला च्तेरी, पाचाला प्येंच. समुद्रापलीकडचे आकडे, पण आपल्याच घरातले वाटतात. सासूच्या बोलीत एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु. गाव एका दिवसात जाऊन येण्याजोगं, आणि आकडे बघा.

पण वाक्याचं उलटं आहे. मला पाणी पाहिजे, याला कानडीत ननगे नीरु बेकु. मला, पाणी, पाहिजे. आपल्याच ओळीत बसलेत, नुसती टोपी बदलली. पोलंडवाला आधी पाहिजे म्हणणार, मग काय पाहिजे ते.

कांदा आपल्यात बाप्या आहे. पोलंडात तो बाई. चांगलाला ते दोब्री म्हणतात आणि चांगलीला दोब्रा, म्हणजे नेमकं आपल्या उलट. मी वरीसभर कांद्याला बाप्या करत होतो आणि बाया हसत होत्या. कानडीत कांदा बाप्याबी नाही, बाईबी नाही. कांदा तो कांदा. मला हे पटतं.

तर पोलंडची बोली शिकताना शब्द लवकर ओळखीचे होतात, पण वाक्य मोडतं. कानडीत वाक्य आयतं मिळतं, त्यात शब्द सगळे नवे भरावे लागतात. मी भरले नव्हते. बायको होती ना.

त्याच दिवशी दुपारी तिच्या छातीत कळ आली. वैद्य येईपर्यंत संपलं. संध्याकाळी पंचगंगेवर उरकून आलो. आम्हाला मूलबाळ नाही. सासूचं घर ठाऊक असलेला मी एकटाच. म्हणजे निरोप घेऊन मीच जाणार.

शेजारच्या म्हाताऱ्यानं मला बाजूला घेतलं. "एकदम सांगू नगंस. लेक लई आजारी हाय, चला, एवढंच म्हण. हितं आल्यावर कळंल."

आमच्याकडं असंच करतात. मेल्याचा निरोप आजाराच्या कपड्यात पाठवतात. नाहीतर ऐकणारं माणूस धसक्यानं तिथंच बसतं.

"जमायचं न्हाय," मी म्हणालो.

"का? तोंड हाय की तुला."

"म्हातारी वाटभर इचारणार. काय झालंय, काय खाती, उशाला कोण बसलंय. एवढं खोटं बोलाया कानडी कुठनं आणू?"

खरं एका वाक्यात होतं. तेवढं एक शिकता आलं असतं. पण त्या वाक्यानं म्हातारी तिथंच बसली तर काय करायचं, हे मला कोणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिली मोटार धरली. कागलला पानाची टोपली घेऊन एक बाई शेजारी बसली. नवऱ्याशी कानडीत भांडून चढली होती, म्हणून तिलाच विचारलं.

"बाई, मेली याला तुमच्यात काय म्हणत्यात?"

"कोण मेली, पावणं?"

"बायकू. तिच्या आईला सांगायचं हाय."

तिनं टोपली मांडीवरनं खाली ठेवली. "सत्तळु म्हणू नगा, लई उघडं वाटतं. तीरिकोंडळु म्हणा. निम्म मगळु तीरिकोंडळु. तुमची लेक गेली. म्हणा बघू."

मी म्हणालो.

"पुन्यांदा. घाई नगा करू."

उतरेपर्यंत तिनं म्हणवून घेतलं. पोलंडच्या बोलीत मेल्याला काय म्हणतात ते मला येत नाही. भाजी विकताना कधी लागलं नाही.

सासू दारात ऊन खात बसली होती. तिला डोळ्यांनी जेमतेम दिसायचं. शेजारपाजारचे रानात गेलेले. निरोप आणणाऱ्यानं उंबरा ओलांडायचा नसतो, म्हणून मी अंगणातच उभा राहिलो आणि वाक्य म्हणालो. सगळं आलं. कुठं अडखळलो नाही.

म्हातारी रडली नाही. भराभर काहीतरी विचारू लागली. त्यातलं 'कधी' एवढं कळलं. "निन्ने," मी म्हणालो. काल. पुढचं मला काही येत नव्हतं, आणि ती विचारतच होती.

मग ती भिंत धरून उठली आणि हातानं आड दाखवला. सुतकाची आंघोळ. खरं तर ती बायकांनी घालायची असते. बायका रानात होत्या. मी आडाचं पाणी ओढलं, तिला दगडावर बसवलं आणि लुगड्यासकट तिच्या डोक्यावर घागर ओतली.