तर्रीचं पाणी

आज सकाळी हॉटेलमागच्या नव्या टाकीसमोर बराच वेळ उभा होतो. मिसळीची भांडी धुतलेलं लालसर पाणी तिच्यात येतं. आतल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांतून वीज सोडली की बारीक बुडबुडे उठतात आणि पाण्यात मिसळून गेलेलं तेल फेसाबरोबर वर आणतात. खाली राहतं ते चक्क नितळ पाणी. केवढा जाड, तांबूस फेस! इतकं तेल मी रोज बाहेर सोडत होतो!

माणसाच्या मनातही असं बरंच काही विरून राहतं. दिसत नाही, म्हणून ते नाहीच असं आपण धरून चालतो.

शेजारच्या सुशीलाकाकूंचं गटार सारखं तुंबायचं. "तुमच्या भांडी घासायच्या राखेनं तुंबतं," असं मीच त्यांना वर्षानुवर्षं सांगत आलो. बिचाऱ्यांनी राख वापरायची सोडली, तरी ते तुंबतच राहिलं.

कुंपणापाशी जाऊन हाक मारली. "काकू, गटार माझ्या तेलानं तुंबत होतं. मला माहीत होतं."

"मलाही होतं की," काकू म्हणाल्या. "राखेला तर्रीचा वास येतो होय रे? तू कधी बोलतोस, तेवढंच बघत होते. आता बोललास ना? मग बाह्या वर कर नि ये इकडे."

भर उन्हात गुडघाभर गाळात उतरलो आणि कितीतरी वर्षांनी मोकळा हसलो. काकू पायरीवरून सांगत होत्या, "हसतोस काय, कोपऱ्यातलं राहिलंय बघ!"