बाबांचा रंधा आणि आत्याची पेटी

माणूस देव पोटातून घेऊन येतो की घरचे त्याच्या डोक्यात घालतात, यावर लोक जाडजूड पुस्तकं लिहितात म्हणे. आमच्या सक्करदऱ्याच्या घरात हा प्रयोग प्रत्यक्ष झाला, आणि तोही माझ्यावर. त्याचा मला राग नाही. उलट जरा मिरवावंसंच वाटतं.

माझे बाबा सुतार. लकडगंजातून सागवान आणायचे आणि पुढच्या खोलीतच खाटा-पाट करायचे. देव मानत नसत. त्यांची मोठी बहीण, माझी आत्या, विधवा होऊन आमच्याकडे राहायला आली ती पत्र्याच्या पेटीत चार पितळी देव घेऊनच. मी तेव्हा दोन वर्षांची होते. भिंतीवर देवांना जागा दे, असं ती म्हणाली. बाबा म्हणाले, पोरांच्या पोटात देव नसतो, मोठी माणसं घालतात. ती म्हणाली, असतोच. दोघंही एका आईची लेकरं, हटून बसली.

मग ठरलं. मला आठवं संपेपर्यंत घरात कोणी मला हात जोडायला, पाया पडायला सांगायचं नाही. मी आपणहून कशापुढे वाकले तर देव भिंतीवर. नाही वाकले तर पेटी गावी, आत्याच्या दिराकडे. देव गेले की आत्याही जाणार, हे न बोलता सगळ्यांना ठाऊक होतं. आईनं या भांडणात कधी तोंड घातलं नाही. शाळेतली प्रार्थना बाबा धरत नसत, ती कवायत आहे म्हणायचे.

आत्या शब्दाची एवढी पक्की की काय सांगू! मी उठायच्या आत पेटी उघडायची, दोन फुलं वाहायची, पेटी पुन्हा खाटेखाली. घंटी कधी वाजवली नाही. मी तिच्या मांडीवर वाढले, पण एवढ्या वर्षांत तिनं मला एकदाही ‘बाप्पाला जय कर’ म्हटलं नाही. शेजारणी तिला हसायच्या. यातलं मला तेव्हा काहीच कळत नव्हतं, हे सगळं पुढे आईनं सांगितलं.

आठवं संपायला महिनाभर राहिला असेल. तान्हा पोळा आला. पोरं लाकडी बैल घेऊन घरोघर जातात तो दिवस. तेव्हा बैल बहुधा मुलग्यांनाच मिळायचे. पण बाबांनी माझ्यासाठी सागवानाचा बैल केला होता, चाकांचा, शिंगं रंगवलेला. अख्ख्या गल्लीत तसा कोणाचा नव्हता. सकाळी मी तो उचलला, डोळे मिटले, कपाळाला लावला आणि मग खाली ठेवून दोरी धरली.

बाबांनी ते पाहिलं. त्यांचा चेहराच उतरला. मग आवाज चढला.

“बाई, तू पोरीले शिकवून राहिली. शब्द मोडला तू.”

आत्या कणकेच्या हातांनी बाहेर आली. ती रडेल असं मला वाटलं, पण तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “तुले हे कोणं शिकवलं वं?”

“बाबानं,” मी म्हटलं. “बाबा रोज रंधा उचलला की आधी कपाळाले लावतात ना.”

आई चुलीपाशी उठून उभी राहिली. बाबांच्या हातात तेव्हाही रंधाच होता. त्यांनी तो असा पाहिला जणू कोणी दुसऱ्यानंच त्यांच्या हातात दिला होता. आपण रोज हे करतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणजे ठरल्याप्रमाणे आत्या जिंकल्यासारखीच होती. नुसती गप्प राहिली असती तरी भागलं असतं. पण ती म्हणाली, “मंग मी हारली गा. पोरीनं आपणहून नाही केलं, पाहून केलं.” आणि आत जाऊन खाटेखालची पेटी ओढू लागली. आजही हे सांगताना माझी छाती फुगते. स्वतःचं घर सुटत असतानाही ती बाई खोटं जिंकली नाही.

बाबांनी तिचा हात पेटीवरून काढला. कोणाच्या तरी कपाटासाठी ठेवलेली चांगली फळी काढली आणि चार दिवस बसून देव्हारा केला. असा देखणा देव्हारा मी पुन्हा पाहिला नाही. भिंतीवर ठोकला, पेटी स्वतः उचलून त्याखाली ठेवली. त्यापुढे मात्र ते जन्मात कधी वाकले नाहीत. त्यांचाही मला तेवढाच अभिमान आहे.

पुढे मी कॉलेजात गेले, चार पुस्तकं वाचली, तेव्हा एका दुपारी त्यांना गाठलंच. रंधा कपाळाला लावायला तुम्हाला कोणी शिकवलं? ज्याच्या हाताखाली काम शिकलात त्या मिस्त्रीनं? बाबा हसले. तो मिस्त्री तर रंधा लाथेनं सरकवायचा म्हणाले. मग आजोबांनी? त्यांनी उभ्या जन्मात रंधा हातात धरला नव्हता. बाबा बोटांवर एकेकाला आठवत गेले.

“कोणंच नाही,” ते शेवटी म्हणाले. “हात आपोआप जाते.”

आत्या चहा घेऊन दारातच उभी होती. तिनं ऐकलं होतं. मी उडालेच. म्हटलं, आत्या, ऐकलंस ना? तू तेव्हाच जिंकली होतीस!

तिनं कप बाबांच्या हाताशी ठेवला, त्यांच्या केसांतला भुसा झटकला.

“चूप वं,” ती म्हणाली. “त्याले चहा पिऊ दे.”