डाव्या पायातली चाळ

महिपतने आयुष्यात नाचाला कधी नाही म्हटलं नाही. हातखंब्याच्या अलीकडच्या त्याच्या वाडीत गौरी-गणपतीला जाखडी उभी राहिली की गोलात त्याची जागा ठरलेली. उजव्या पायात घुंगरांची चाळ बांधायची, डावा पाय घट्ट रोवायचा आणि उजवा उचलून आपटायचा. वाडीतले सगळेच पुरुष असेच नाचत आलेले, त्यामुळे त्यात काही वावगं असेल असं कुणाच्या मनात आलं नाही. शेती, गुरं आणि नाच यांत साठी कधी उलटली ते त्याला कळलंही नाही. ‘माजा तोल कदी जायाचा नाय,’ हे वाक्य तो इतक्या वेळा ऐकवायचा की बायको हौसा तेवढ्यात एखादं काम उरकून घ्यायची.

तो तोल आषाढात गेला. शेताकडून घरी येताना मध्ये पऱ्या लागतो आणि त्या ओढ्यावर साकव आहे. साकव म्हणजे माडाची दोन खोडं शेजारी शेजारी टाकलेली, एका अंगाला धरायला बांबू. महिपतच्या डोक्यावर गवताचा भारा होता. उजवा पाय खोडावर टेकवून त्याने डावा उचलला आणि थेट पाण्यात गेला. पाणी कमरेएवढंच होतं म्हणून बरगडीला मुका मार बसण्यावर निभावलं. घरी येऊन त्याने सगळं शेवाळावर ढकललं.

मुलगा अनिल लोट्याला कंपनीत कामाला. त्याला हे कळलं तसा त्याचा फोन आला. “बाबा, या वर्षी गणपती टेंपोतून आणू. रस्त्याने. तुम्ही साकवावर जायचं नाही.”

“टेंपोत? द्येव काय भाजी हाय?” महिपत म्हणाला आणि त्याने फोन हौसाकडे दिला.

त्या घरातला गणपती पलीकडच्या वाडीतल्या गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात तिथून, साकव ओलांडून, पाटावर बसून कर्त्या पुरुषाच्या डोक्यावरूनच यायचा. टेंपोतून आला असता तर देवाला चाललं असतं, महिपतला नसतं. त्या दिवशी तो जेवला नाही. डोक्यावरचा पाट गेला म्हणजे आपण म्हातारे झालो, हे त्याला स्वच्छ दिसत होतं आणि त्याचं फार वाईट वाटत होतं.

सून मनस्वी शाळेत मुलींना खो-खो शिकवते. लेंगा घालताना सासरे हल्ली भिंत धरतात, हे तिने आधीच पाहिलं होतं. एका सकाळी खळ्यात ती म्हणाली, “बाबा, एका पायावर उभे राहा बघू.”

महिपत डाव्या पायावर उभा राहिला. बुजगावण्यासारखा स्थिर. वर कमरेची चंची सोडून पानही जुळवायला लागला.

“आता दुसऱ्या.”

उजव्या पायावर उभं राहताच पान खाली पडलं आणि त्याने हौसाचा खांदा धरला. हौसा मनापासून हसली.

“जमीन कलती हाय ही,” महिपत म्हणाला.

“जमीन सारखीच आहे, बाबा. उजवा पाय तुम्ही जन्मभर नुसता आपटलात. त्याच्यावर कधी उभे राहिलात? खांबाला एकाच अंगाने वळणारी पोर माझ्याकडेही असते. ती पहिली बाद होते. मग तिला मी कच्च्या पायावरच उभी करते. तुम्ही चाळ डाव्या पायात बांधा आणि उजवा रोवून नाचा.”

“डाव्या पायात चाळ? लोकं हसतील मना.”

लोक हसलेच. महिपत गोठ्यामागे लपून नाचायचा, पण लपायचं आणि पायात घुंगरू बांधायचं, हे एकत्र जमण्यासारखं नव्हतं. बांधावरून जाणारा प्रत्येक जण थांबून चौकशी करायचा. सुरुवातीला तो दर ठेक्याला भिंतीवर कलंडायचा आणि सुनेला मनातल्या मनात शिव्या द्यायचा. पुढे मशेरी लावताना तो उजव्या पायावर उभा राहू लागला. मग डोक्यावर पाट, पाटावर पाण्याने भरलेला तांब्या, असं बांधावरून चालणं सुरू झालं. तांब्याला पोचे आले ते वेगळं. त्यावरून हौसाने त्याला काय काय ऐकवलं, ते लिहिण्यासारखं नाही. लेंगा घालताना मात्र त्याने भिंत कधी सोडली, ते त्याच्याही लक्षात आलं नाही.

गणपती आणायच्या दिवशी अनिल सुट्टी घेऊन आला. बापापुढे त्याचं चाललं नाही, तेव्हा तो देवावर छत्री धरून मागोमाग निघाला. पायात गुळगुळीत तळाचे बूट.

साकवाच्या मधोमध महिपतचा डावा पाय उचललेला असताना मागे धप्प आवाज झाला. अनिल घसरला होता. छत्री पऱ्यात गेली, त्याचा एक पाय दोन खोडांच्या फटीत अडकला आणि पडता पडता त्याने बापाचा सदरा मुठीत धरला.

महिपतचे दोन्ही हात पाटाला होते. अंगाचा सगळा भार उजव्या पायावर, त्यात मागून पोराचा ताण. पोटरी थरथरू लागली. तो भ्याला, चांगलाच भ्याला.

“धर मना,” तो मान न वळवता म्हणाला. “आस्ते आस्ते ऊठ. मी हाय.”

अनिलने बापाची कंबर धरली, पाय सोडवला आणि तो उभा राहिला. तोवर महिपत त्या एका पायावर तसाच होता. मग त्याने डावा पाय पुढे टाकला.

दारात हौसाने रीतीप्रमाणे त्याच्या पायांवर पाणी घातलं. उजव्या पायावर जरा जास्तच घातलं. अनिलचे बूट बाहेर चिखलात पडले होते. साकवावर काय झालं ते त्याने कुणाला सांगितलं नाही आणि महिपतनेही नाही.

गणपती गेल्यावर एका सकाळी गोठ्यामागून घुंगरांचा आवाज आला, मग कुणीतरी भिंतीवर कलंडल्याचा. हौसा चुलीशी होती, मनस्वी शाळेत गेली होती, अनिलची सुट्टी अजून उरली होती.

महिपत पडवीत चहा पीत बसला होता.

“डाव्या पायात बांद रं,” त्याने बसल्या जागेवरून आवाज दिला.