कालव्याकाठची पाथरी

साताऱ्याहून येऊन फलटणच्या स्टँडवर उतरले तेव्हा माझ्या पिशवीत दोनशे पत्रकं होती, मीच लिहिलेली. मेंढ्यांच्या यकृतात राहणारा पर्णकृमी (पानासारखा चपटा किडा) माणसालाही होतो, म्हणून कलेजी कच्ची खाऊ नका, असा मजकूर. कालव्याकाठच्या मेंढपाळांत ती वाटायची, एवढाच बेत.

ऊस तुटलेल्या रानात आटपाडीकडच्या भिवामामांची मेंढरं बसली होती. मामांनी पत्रक सावकाश वाचलं, शेजारच्या म्हाताऱ्याला दाखवलं आणि दोघेही हसले.

"पोरी, कच्ची कलेजी खायला आमी काय लांडगं हाय व्हय?"

मी वाद घालायला तोंड उघडलं, पण किड्याची खरी माहिती त्यांच्याकडेच होती. ओलीत, जिथं गोगलगायी असतात तिथलं गवत खाल्लं की मेंढराला तो लागतो. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते. कापल्यावर काळजात, म्हणजे यकृतात, ते पानासारखे किडे सापडतात. माझं पत्रक साफ चुकलं होतं, किडा कलेजीतून नाही, ओलीतल्या पाल्यातून येत होता.

दुपारी त्यांनी भाकरी, खर्डा आणि कालव्याच्या ओलीतून खुडलेली पाथरी (कच्चीच खायची कडवट भाजी) पुढे ठेवली. दोन घास खाल्ले आणि माझा हात थांबला. समोर मेंढ्या त्याच ओलीत चरत होत्या; गवतातून लागणारा किडा या कच्च्या पानांतून माणसालाही लागत असेल तर? ही भाजी रोज खाता का, असं मी विचारलं. मामा म्हणाले, ते एखादं पान तोंडात टाकतात, पण रखमाला ती लय आवडते. रखमाबाई त्यांची बायको. कित्येक महिने ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखणं. आता ती सांगलीच्या दवाखान्यात होती. यकृतात गाठ दिसली होती, परवा ऑपरेशन होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामांबरोबर सांगलीच्या एसटीत बसले. तासगावच्या अलीकडे द्राक्षबागा, मग बेदाण्याच्या शेड गेल्या, पण माझं बाहेर लक्ष लागेना. मामांना माझी शंका सांगितली आणि डॉक्टरांना मेंढरांचं सांगितलंय का, असं विचारलं.

"न्हाई. त्यांनी धंदा इचारला, म्या शेती सांगितली."

"का पण?"

"मेंढरं म्हणलं की माणसं लांबनं बोलत्यात."

मला इतका संताप आला की डॉक्टरांना काय सुनवायचं ते मी सांगलीपर्यंत मनात जुळवत राहिले.

वॉर्डात रखमाबाई उशाला लुगड्याची घडी घेऊन पडल्या होत्या. डॉक्टर आले तशी मी गरिबांच्या आरोग्यावर भाषण सुरू केलं. मामांनी माझा दंड धरला.

"तू गप." मग ते डॉक्टरांकडे वळले. "सायेब, आमी मेंढरं राखतो. ही कालव्याची पाथरी कच्ची खाती. आमच्या मेंढरांच्या काळजात किडं निघत्यात. कापायच्या आदी तेवढं बघता का?"

डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पुन्हा काढला. त्यात एका जातीच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या आणि कारण सापडत नव्हतं, असं ते म्हणाले. मग खुर्ची ओढून पाथरी कुठली, पाणी कुठलं, गोगलगायी कधी दिसतात, सगळं विचारत बसले. ऑपरेशन थांबलं. तिसऱ्या दिवशी तपासणीत तोच किडा निघाला.

पण माणसाला द्यायचं औषध सांगलीत मिळेना, बाहेरून मागवावं लागणार होतं. मामांनी झोळीतून बाटली काढली. मेंढरांना पाजायच्या औषधाची होती. डॉक्टरांनी ठाम नकार दिला. जनावरासाठी बनवलेलं माणसाला देता येत नाही, जिवावर बेतू शकतं. मामांनी ऐकलं, पण बाटलीवरचा हात बराच वेळ काढला नाही.

मी साताऱ्याला परतले. रोज संध्याकाळी मामांना फोन लावायचे, औषध आलं का? रोज उत्तर एकच, नाही. ज्या किड्याचं औषध फलटणच्या बाजारात मेंढीसाठी सहज मिळतं, त्याच किड्यासाठी मेंढ्या राखणारी बाई वाट बघत पडून राहते. हे लिहिताना अजूनही मला एका जागी बसवत नाही.

नवव्या दिवशी औषध आलं. आणखी काही दिवसांनी फोनवर स्वतः रखमाबाई होत्या. ताप उतरला होता, जेवण जात होतं. पाथरी आता शिजवून खा, हे मी त्यांना दोनदा बजावलं. त्या व्हय व्हय म्हणाल्या आणि हसून बोलल्या,

"मेंढरू असती तर कवाच बरी झाली असती, न्हाई का गं?"