लख्खमामीने घासून ठेवलेलं भांडं

माझ्या मामीला आम्ही सगळे लख्खमामी म्हणतो, अगदी तिच्या तोंडावर. तिला राग येत नाही. उलट पदवी मिळाल्यासारखी ती ते नाव मिरवते. एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात ती भांड्यांवर देखरेख करायची आणि तिथली सवय तिने घरी आणली. तिच्याकडे चहाचा कप क्षणभर खाली ठेवायची सोय नाही. ठेवलात की उचलला, विसळला, पालथा घातला. तिच्या घरी कुणा पाहुण्याने शेवटचा घोट घेतलेला मला तरी आठवत नाही.

अशा बाईच्या नशिबी नवरा आला तो सायकली दुरुस्त करणारा. मामाच्या नखांत कायम काळं वंगण. दुकानातून आला की दोन्ही हात वर धरून, शरण आल्यासारखा दारात उभा राहायचा. "कशालाही हात लावू नका," म्हणत मामी त्याला मोरीकडे पिटाळायची, आणि हात धुताना साबण मात्र स्वतः चोळून द्यायची. इतकी वर्षं त्यांचं प्रेम बहुधा त्या मोरीतच चाललं होतं.

मग मामाच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. हृदय झकास चालू लागलं, पण अंग सुजलं, चेहरा ओळखू येईना आणि लघवी पार बंद झाली. डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. "ऑपरेशनच्या वेळी रक्त बाहेर मशीनमधून फिरवतो ना, ते शरीराला परकं वाटतं. आपल्यावर हल्ला झालाय असं समजून शरीर सगळीकडे चवताळून उठतं. त्यात मूत्रपिंडांना मार बसलाय. पुष्कळांची सावरतात. यांची सावरतील का, हे वाट बघूनच कळेल."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी," मामी म्हणाली.

डायलिसिस सुरू झालं. लघवीच नाही म्हणून तिची नळीही काढून टाकली आणि झालीच तर म्हणून पलंगाशी एक भांडं ठेवलं. मामा बराचसा गुंगीत असायचा. एकदा त्याचा सुजलेला पांढरा हात हातात घेऊन मामी म्हणाली, "इतके स्वच्छ हात मला बघवत नाहीत गं." मला रडू आवरेना, म्हणून पाणी आणायचं निमित्त करून मी उठले.

एका सकाळी डॉक्टरबाई म्हणाल्या, "लघवी होते का, आज संध्याकाळपर्यंत वाट बघू. नाहीतर डायलिसिसची गळ्यातली ही तात्पुरती नळी काढून जास्त काळ टिकणारी बसवू. मग दिवसाआड इथे यावं लागेल. किती महिने, कदाचित कायमचंच, ते आज नाही सांगता येणार."

"आणि दुकान?" मामाने विचारलं. त्याने भिंतीकडे तोंड केलं.

दुपारी मी डबा घेऊन पोचले, तर मामीचा चेहरा फुललेला. "झाली गं. थोडीच, पण झाली."

"सिस्टरना दाखवलीस?"

"सांगायला निघालेच होते. म्हटलं, आधी भांडं घासून ठेवावं."

पलंगाखाली भांडं पालथं होतं. चकचकीत.

सिस्टर क्षणभर डोळे मिटून उभी राहिली. "आजी, ती मोजायची होती." मामीच्या तोंडचं पाणी पळालं. मामाला विचारावं तर गुंगीत त्याला काही आठवेना. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, हेच जास्त लागलं. "थोडी म्हणजे चार थेंबसुद्धा असतील, आजी. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी थांबू शकत नाही."

त्यानंतर मामी स्टूल ओढून भांड्यावर पहारा देत बसली. सफाईच्या बाईंना तिने तिकडे फिरकू दिलं नाही. ऊन उतरलं. नळी बसवायच्या सामानाची ट्रॉली दाराशी आली, तेव्हा मामाने डोळे उघडले.

"अगं, तू अशी टक लावून बसलीस तर येणारी पण परत जाईल. बाहेर जा बघू."

आम्ही दोघी बाहेर आलो. मामी दाराकडे पाठ करून उभी राहिली आणि रुमालाने व्हरांड्याचा कठडा पुसू लागली. "आयुष्यभर धूतच आले," ती म्हणाली, "आणि नको तेच धुऊन बसले. माझ्यामुळे त्यांचं दुकान सुटलं तर मी कुठे तोंड दाखवू?" मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

आतून सिस्टरने हाक मारली. तिच्या हातात भांडं होतं, चांगलं निम्मं भरलेलं. डॉक्टरबाईंनी येऊन पाहिलं, मापून घेतलं आणि ट्रॉली परत पाठवली. "मूत्रपिंडं जागी होताहेत. आज नळी नको." मामा खुदकन हसला. आमचा जीव भांड्यात पडला म्हणायला यापेक्षा योग्य वेळ नव्हती, पण हसायचं त्राण आम्हा दोघींत कुठे होतं?

"घ्या आजी," सिस्टर म्हणाली, "आता खुशाल टाका आणि घासा."

मामीने भांडं दोन्ही हातांनी घेतलं, वाकून पलंगाखाली जागच्या जागी ठेवलं आणि शेजारी स्टुलावर बसली.

"राहू दे जरा," ती म्हणाली.