खांबाला घातलेलं पाणी

उभ्या मुळशी तालुक्यात लोखंडी खांबाला घागरीने पाणी घालणारा माणूस एकच झाला, आणि तो म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी. ही गोष्ट मी आयुष्यभर लग्नाकार्यांत सांगत आलो आणि लोक पोट धरून हसत आले. पण मी ती कधी पुरी सांगितली नाही. आता सांगतो.

दाजी पलटणीत बिनतारी संदेशाच्या कामावर होते. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी पेन्शन घेऊन रिह्याला, आमच्याच गावी, परतले, ते सरकारी परवाना, स्वतः जोडलेलं बिनतारी यंत्र आणि मोटारीची बॅटरी घेऊनच. टकटक करून निरोप धाडायची बोटांची सवय मात्र सुटली नव्हती. भाकरी मोडण्याआधी ताटाच्या काठावर टकटक होई. भजनाला बसले की बुवांचा ठेका एकीकडे आणि दाजींच्या टाळातला निरोप भलतीकडे. ताईवर रागावले की तोंडाने बोलत नसत, उंबऱ्यावर बोटं वाजवत. एवढ्या वर्षांच्या संसारात ताईलाही ती भाषा कळू लागली होती. ती चुलीपुढून चिमट्याने उत्तर देई, आणि ते बहुधा लांबलचक असे.

पलटणीतला त्यांचा जिवलग दोस्त नैरोबीला जाऊन राहिला होता. दिवाळीनंतर त्याचं यंत्र सुरू होणार होतं आणि मग दर रविवारी संध्याकाळी एकमेकांना हाक द्यायची, असं ठरलं होतं. त्यासाठी दाजींनी भाताच्या खाचरात एरियल म्हणून उंच लोखंडी पाइप उभा केला. तो जमिनीला टेकू नये म्हणून खाली जाड काचेची बाटली, आणि बुंध्याभोवती चिखलात चहूकडे पुरलेल्या तांब्याच्या तारा. खांबाकडे जाणाऱ्या तारेत विजेरीचा बारका दिवा बसवलेला. खांब सुरात लागला की दिवा लख्ख पेटायचा. भाद्रपदात, खाचर पाण्याने भरलेलं असताना, दाजींनी कानशीने घासून घासून पाइप असा लावला की दिव्याकडे बघवेना. मग भात कापून झालं, खाचर वाळून भेगाळलं आणि दिवा काजव्याएवढा झाला. दाजींनी पाइप बोटभर कापला, पुन्हा बोटभर कापला, मग कापलेलं जोडलं. पाण्यात लावलेला सूर कोरड्यात टिकत नाही, हे त्यांच्या डोक्यातच येईना. शेवटी ते आमच्या म्हशीने दाखवलं. दाजी यंत्राची निरोपाची किल्ली दाबून बसले असताना ती बुंध्याशी मुतली आणि दिवा भगभगला.

दुसऱ्या दिवसापासून दाजी खांबाला घागरी ओतू लागले. बायकांनी ते पाहिलं. रोज आंघोळ घालतात म्हणजे देव असणार, असं ठरवून त्या हळदकुंकू घेऊन आल्या. दाजी कोणाला दुखवणारे नव्हते. "तारंला लावू नगा, बाटलीला लावा," एवढंच म्हणाले.

चैत्रापर्यंत हे चाललं. पलीकडून एकदाही उत्तर आलं नाही. विहीर तळाला गेली तेव्हा ताईचा धीर सुटला. "माणसास्नी प्यायला न्हाई आन् तुमी खांबाला पाजताय. ह्यो रविवार शेवटचा. सोमवारी खांब निघंल, मला हितं रोपासाठी राब भाजायचाय." दाजींनी बोटं वाजवली नाहीत. "बरं," म्हणाले.

त्या रविवारी मी दिव्याजवळ बसलो होतो. दाजींनी दोन घागरी ओतल्या, किल्ली टकटकवली, कान दिला. काही नाही. पाणी भेगांत उतरत चाललं, दिवा मंदावत चालला. घागरी संपल्या. दाजींनी किल्लीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. तेवढ्यात ताई बांधावरून आली. कडेवर घरातली पिण्याची घागर होती. कोणाकडे न बघता तिने ती बुंध्याशी उपडी केली. दाजींनी घाईने किल्ली दाबली. दिवा पेटला, हाक गेली, आणि थोड्या वेळाने कानाच्या तबकडीत, फार लांबून, टिकटिक सुरू झाली. दाजींनी एक तबकडी माझ्या कानाला लावली. मला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण मी ती ऐकली.

"काय म्हंत्यात?" ताईने विचारलं.

"इचारतोय, बरा हायेस का."

"बरं हाय म्हणावं. आन् म्हणावं, लवकर बोला, वाळतंय."

दाजींनी ते जसंच्या तसं पाठवलं.

सोमवारी ठरल्याप्रमाणे खांब निघाला. पुढे भाचीच्या लग्नात मी ही गोष्ट रंगवून सांगितली, आणि शेवटी म्हणालो, एवढं पाणी पाजलं पण पलीकडून कोणी बोललंच नाही. तसं सांगितलं की हशा मोठा येतो. दाजीही हसले. मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते, बोटं त्यावर वाजत होती. ताई पलीकडून त्या बोटांकडे बघत होती. मग तिने हातातल्या तांब्यावर अंगठीने दोनदा टकटक केलं. ते काय बोलत होते, मी विचारलं नाही. पुढच्या लग्नातही गोष्ट तशीच सांगितली.

आता दोघंही नाहीत. त्या खाचरात कोणा पुणेकराचं फार्महाउस आहे, आणि त्याच जागेवरच्या गवताला सकाळ-संध्याकाळ नळीने पाणी घालतात. त्याला कोणी हसत नाही. पलीकडून उत्तर आलं होतं.