जुन्या जागेवर राहिलेली ओळ

लोकांच्या वेबसाइट एका होस्टवरून, म्हणजे साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेवरून, दुसऱ्यावर हलवून द्यायचं काम तो करायचा, म्हणून दादा त्याला हमाल म्हणायचा. दादा जाऊन तीन महिने झाले होते. घड्याळदुरुस्तीवरची दादाची वेबसाइट ज्या होस्टवर होती, तो आता बंद होणार होता. त्या साइटवर दादाच्या फोटोखाली वहिनी रोज सकाळी दोन ओळी लिहायची.

"भाऊजी, बंद नाही ना पडणार?"

"मिनिटभरसुद्धा नाही."

त्याने सगळं नव्या होस्टवर उतरवलं, एकेक पान उघडून बघितलं आणि मग साइटचा पत्ता नव्या जागेकडे वळवला. हा बदल सगळीकडे पोचायला तासन्‌तास लागतात, म्हणून जुनी जागाही चालू ठेवली. साइट क्षणभरही पडली नाही. त्याला बरं वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही.

दुपारी वहिनीचा फोन आला. "सकाळी लिहिलेलं माझं गेलं कुठं?"

प्रत काढण्याआधी जुन्या जागेवरचं लिहिणं बंद करायचं, हा त्याचाच नियम. गिऱ्हाइकांच्या कामात तो कधी विसरला नव्हता; इथं विसरला. जुन्या होस्टवर ओळ सापडली: 'तुमचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय. किल्ली कुठं ठेवलीत?'

सकाळच्या वेळेसकट ती त्याने नव्या जागी नेली आणि जुन्या जागेवरच्या लिहिण्याला कुलूप घातलं.

"दिसलं का?"

"दिसलं. जेवलात का तुम्ही?"

किल्ली घड्याळाच्याच पोटात असते, हे त्याला माहीत होतं.

"संध्याकाळी येतो," एवढंच तो म्हणाला.